बावीस मीटर

बाबांनी वायरीचं टोक दातांत धरलं, तसं तिने हात पुढे करून ते हलकेच सोडवून घेतलं आणि त्यांच्या हातात पातं दिलं.

“चाळीस वर्षं दातांनीच सोलत आलोय,” बाबा म्हणाले.

“तेव्हा दात तुमचे स्वतःचे होते.”

बाबा गालातल्या गालात हसले. पात्याची धार त्यांनी अंगठ्यावर आडवी टेकवून पाहिली, वायरीच्या राखी आवरणावर एक गोल रेघ मारली आणि पायातला मोजा उतरवावा तसं आवरण अलगद ओढून काढलं. आत आठ बारीक तारा होत्या, दोन दोन एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. बाबा त्या बोटांनी उलगडू लागले. त्यांची बोटं आज थरथरत नव्हती. तिने ते मनात टिपून ठेवलं.

अकरा वाजले होते. पाच वाजता मेंदूच्या डॉक्टरबाई पडद्यावर येणार होत्या, आणि तोवर पुढच्या खोलीतून या मागच्या खोलीत बावीस मीटर वायर येऊन पोचायला हवी होती.

घर लांबोडकं होतं. रस्त्याकडची पुढची खोली, तिथे भिंतीतून इंटरनेट आत यायचं. मग अरुंद पॅसेज, स्वयंपाकघर, आणि सगळ्यात शेवटी बाबांची खोली. दादाने दोन वर्षांपूर्वी त्याच्या गावाहून वायफायचे तीन पांढरे डबे पाठवले होते. एक पुढे, एक पॅसेजमध्ये, एक बाबांच्या कामाच्या टेबलावर. पहिल्याने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, सगळं हवेतून. तिन्ही डब्यांवर निळा दिवा शांत जळत असायचा, त्यामुळे घरात सगळं आलबेल आहे असं वाटायचं.

तसं ते नव्हतं. ती पाण्याच्या प्रयोगशाळेत तपासनीस होती. बाटलीतल्या पाण्यात काय किती आहे हे मोजून कागदावर उतरवायचं हेच तिचं काम, आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही ही सवयही तिथलीच. बाबा तिला लहानपणापासून मीटरबाई म्हणत. गेला आठवडाभर तिने प्रत्येक खोलीत, रोज तीन वेळा, फोन त्याच उंचीवर धरून वेग मोजला होता. पुढच्या खोलीत दोनशे सात. पॅसेजमध्ये शहाण्णव. बाबांच्या टेबलाशी नशीब चांगलं असलं तर अडतीस, नाहीतर अकरा. दुसऱ्या रकान्यात तिने आणखी एक गोष्ट मांडली होती. इथून एक हाक मारली तर तिचं उत्तर परत यायला किती वेळ लागतो. पुढच्या खोलीत सेकंदाच्या हजार भागांपैकी आठ. मागे कधी चारशे, कधी सातशे, आणि कधी उत्तर येतच नसे.

“म्हणजे कानगोष्टी,” तिने सांगितल्यावर बाबा म्हणाले होते.

कानगोष्टीच. मधला डबा ज्या तोंडाने पुढच्याचं ऐकायचा त्याच तोंडाने मागच्याला सांगायचा, आणि दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. दर टप्प्याला निम्मं गळतं. उपाय साधा होता. डबे तसेच ठेवायचे, पण मागच्या डब्याला पुढच्याशी थेट वायरीने जोडायचं, म्हणजे कुणाला कुणाच्या कानात कुजबुजावं लागणार नाही. बाबांना हे ऐकून इतका आनंद झाला, की आपण हेच पहिल्या दिवसापासून सांगत होतो असं त्यांनी दोनदा म्हटलं. ते खरंही होतं.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती, केबल जोडण्यात. रस्त्याच्या पोटातल्या खड्ड्यात उतरून मनगटाएवढी जाड केबल उघडायची, तिच्या शेकडो तारा शेकडो तारांना जुळवायच्या आणि पुन्हा बंद करायच्या. जोड झाला की खिशातला तपासणीचा फोन लावून एक्स्चेंजला तीन शब्द सांगायचे: लाइन साफ आहे. एकदा कुणी बडा पाहुणा गावात येणार होता आणि साहेब वर उभे राहून घाई करत होते, जोड अजून ओला आहे हे दिसत असूनही. बाबांनी खड्ड्यातूनच विचारलं होतं की साहेब, एक्स्चेंजला तुम्ही सांगता की मी सांगू? साहेबांनी सांगितलं नाही. बाबांनीही आणखी चार तास सांगितलं नाही. ही गोष्ट तिने पन्नास वेळा ऐकली होती. अलीकडे कधी ते चार तास असायचे, कधी दोन दिवस.

मागच्या महिन्यातली चाचणी फसली होती. डॉक्टरबाईंचा चेहरा तुकड्यातुकड्यांत यायचा, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांनी तारीख विचारली आणि बाबा गप्प राहिले. त्यांनी नातवाचं नाव विचारलं आणि बाबा गप्प राहिले. तीच मध्ये पडली होती: डॉक्टर, इथे तुमचं काहीच नीट पोचत नाहीये, नेटवर्कचा घोळ आहे. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं की चाचणी ग्राह्य धरता येत नाही, पुन्हा घ्यावी. खोली मात्र तीच हवी म्हणाल्या. पुढच्या खोलीत रस्त्याचा गोंगाट, आणि अशा माणसाला त्याच्या ओळखीच्या जागी, दार लावून बसवलेलं बरं.

दादा त्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात होता. संध्याकाळी त्याने तिला एकटीला फोन केला.

“गॅस काय नेटवर्कने चालू ठेवला होता?” तो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती. तिने दार लोटून घेतलं. दादाचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. ती सकाळी आठला निघायची ती सातला यायची. मधले अकरा तास घरात बाबा आणि ते तीन डबे. दादाच्या गावी म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक जागा होती, स्वच्छ, नर्स असलेली, बागेकडे खिडकी असलेली. तिथली एक खोली त्याने राखून ठेवली होती, या शनिवारपर्यंत. ती म्हणाली, एक चाचणी धड होऊ दे. चांगल्या लाइनवर. त्यातही तेच निघालं तर मी एक अक्षर बोलणार नाही. दादा बरं म्हणाला. त्या खोलीबद्दल बाबांना दोघांपैकी कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आज गुरुवार होता.

बाजारात तयार वायर मिळत होती, दोन्ही टोकांना प्लग बसवलेली. पण भिंतीतली जुनी भोकं बारीक होती, प्लग त्यातून जाणार नव्हता. आधी वायर ओवायची आणि मग टोकं बांधायची. शिवाय तयार वायरीचं नाव काढताच बाबांनी असा चेहरा केला, की तिने सुटी वायर, प्लगची पुडी, प्लग दाबायची पक्कड आणि आठ दिव्यांचा स्वस्तातला टेस्टर आणला. तारा कुठल्या क्रमाने बसवायच्या ते तिने ठळक अक्षरात कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलं होतं. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

बाबांनी तो कागद चष्म्यावर चष्मा लावल्यासारखा जवळून वाचला होता.

“हे कुणी ठरवलं? हिरवीची जोडी फोडून मध्ये निळीची जोडी घुसवलीय. नवरा तिसऱ्या बाकावर, बायको सहाव्या.”

“असंच असतं, बाबा. सगळीकडे.”

“असेल.”

आता ते तारा सरळ करत होते, एकेक, बोटांच्या चिमटीत ओढून. सगळ्या शेजारी शेजारी लावून झाल्यावर त्यांनी त्या एका रेषेत कापल्या आणि पारदर्शक प्लगमध्ये एका दमात सारल्या. पक्कड दाबली. कटकन आवाज आला. तो आवाज ऐकून त्यांनी मान डोलवली. मग दोघांनी मिळून वायर भिंतीच्या कडेने नेली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या भोकातून पलीकडे ओवली, पॅसेजमध्ये दर हातभर अंतरावर खिळा मारला. बाबा खिळे ओठांत धरून काम करत होते आणि तिने या वेळी काही म्हटलं नाही. मधेच ते एखादं जुनं गाणं गुणगुणावं तसं काहीतरी पुटपुटत होते. ते गाणं नव्हतं. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखी. ती सहा वर्षांची असताना त्यांनी तिच्याकडून हे पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं, आणि शाळेत बाईंनी रंगांची नावं विचारली तेव्हा तिने तशीच, त्याच क्रमाने, न थांबता सांगितली होती.

पुढच्या खोलीतलं टोक बांधायला बाबा खाली बसले तेव्हा तिने भिंतीवरचा कागद काढून आणून त्यांच्यासमोर धरला.

“हा कशाचा कागद?” त्यांनी विचारलं.

थट्टा करताहेत असं समजून ती हसली. बाबा हसले नाहीत, पण हात चालूच होते, आणि तिने पाहिलं तर तारा इतक्या सुरेख, इतक्या ओळखीच्या ओळीत बसल्या होत्या की तिने कागद खाली ठेवला.

टेस्टरचे दिवे लागले. एक, दोन, तीन, चार, क्रमाने आठपर्यंत, दोन्ही टोकांना. बाबांनी तो हातात धरून चार वेळा दिवे पळवले. पुढच्या खोलीत असताना त्यांचा चेहरा तिला पंचवीस वर्षांपूर्वीचा दिसला, खड्ड्यातून वर आल्यावरचा. तिने वायर डब्यांना लावली, मागे धावली आणि वेग मोजला.

नऊ.

तिने पुन्हा मोजला. नऊ. मग सात, मग बारा. हवेतून होतं त्यापेक्षाही वाईट.

पुढचे दोन तास तिने ते सगळं केलं जे पाण्याचा नमुना विचित्र आला की ती प्रयोगशाळेत करते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डबा बंद करून चालू केला. दुसऱ्या भोकात लावून पाहिलं. पॅसेजमधला प्रत्येक खिळा तपासला, एखादा वायरीतून गेलाय का म्हणून. कॉम्प्युटर बदलून स्वतःचा लावला. बाबा टेबलाशी बसून तिच्याकडे पाहत होते. दिवे तर लागले, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मग त्यांना पेंग येऊ लागली. जेवून आडवे होताना ते म्हणाले, “जोडात खोट नाही.”

“नाही, बाबा.”

त्यांचा श्वास संथ झाल्यावर ती प्लग घेऊन खिडकीशी गेली. बॅगेत कामाचं भिंग होतं. पारदर्शक प्लगच्या आत आठ रंग मोठे झाले. पांढरी-निळी, निळी. पांढरी-नारिंगी, नारिंगी. पांढरी-हिरवी, हिरवी. पांढरी-तपकिरी, तपकिरी.

पाढा. तिचाच पाढा, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत. म्हणूनच तिच्या डोळ्यांना तो खुपला नव्हता.

टेस्टरची काही चूक नव्हती. तो फक्त एवढंच पाहतो की या टोकाची तिसरी तार त्या टोकाच्या तिसऱ्या जागी पोचते का. पोचत होती. कोण कुणाशी पीळ घालून तिथवर आलंय, हे त्याला दिसत नाही. या कामात तिसऱ्या जागेची जोडीदार सहाव्या जागेवर असते, आणि त्या दोघी एकाच पिळातल्या असाव्या लागतात. नाहीतर बावीस मीटर चालताना प्रत्येकीला दुसऱ्याच कुणाचा तरी गोंगाट ऐकू येत राहतो. जुन्या टेलिफोनमध्ये जोडीतल्या दोघी शेजारी शेजारीच बसत. बाबांच्या हातांनी त्यांना पक्कं माहीत असलेलं काम बिनचूक केलं होतं.

ती बराच वेळ भिंग धरून तशीच उभी राहिली. बाबांना पटलं नव्हतं, त्यांनी मुद्दाम ऐकलं नाही, असंही असू शकतं. हट्टी तर ते होतेच. तिने हे स्वतःला नीट, सावकाश सांगून पाहिलं. मग तिला ‘हा कशाचा कागद’ आठवलं.

दोन्ही प्लग कापून तिने ते खिशात टाकले आणि नवीन बसवले. तिचे हात तेवढे सफाईदार नव्हते. आवरण प्लगच्या तोंडाशी थोडं बाहेर राहिलं. पुन्हा डबे जोडले. दोनशे सहा. हाक आणि उत्तर, सेकंदाच्या हजार भागांपैकी आठ. तिने ते वहीत लिहिलं. एरवी असा आकडा आला असता तर ती खूश झाली असती.

बाबा साडेतीनला उठले. चहा घेता घेता त्यांची नजर डब्याच्या पाठीमागे गेली. कप खाली ठेवून त्यांनी प्लगवर वाकून पाहिलं, बोट फिरवलं.

“आवरण थोडं बाहेर राहिलंय,” ते म्हणाले.

तिने वही पुढे ओढली.

“आकडा किती?”

“दोनशे सहा.”

त्यांनी नाडी पाहावी तशी दोन बोटं वायरीवर ठेवली. ते आता त्यांचे ते तीन शब्द म्हणतील असं तिला वाटलं. त्यांनी कप उचलला आणि उरलेला चहा संपवला.

पाच वाजता डॉक्टरबाई आल्या. इतक्या स्पष्ट, की त्यांच्या चष्म्याच्या काडीवरचा ओरखडा दिसत होता. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत दादा होता, ऑफिसखाली उभ्या केलेल्या गाडीत बसलेला, पट्टा अजून लावलेला. ती बाबांच्या उजवीकडे, कॅमेऱ्यात अर्धी, हात टेबलावरच्या डब्याशी. डॉक्टरबाईंनी पाच शब्द सांगितले: पूल, मेंढी, चमचा, काच, पाऊस. बाबांनी ते मागोमाग म्हणून दाखवले. थोड्या वेळाने परत विचारेन हं काका, असं सांगून त्या पुढे गेल्या. तिने सवयीने घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं.

वार बरोबर आला. महिना बरोबर आला. नातवाचं नाव त्यांनी सांगितलं आणि तो डावरा आहे हेही, न विचारता. वीसपासून उलटे आकडे तर असे धडाधड म्हटले की दादा हसला आणि त्याने पट्टा सोडला. तिच्या पाठीतला ताण हळूहळू उतरू लागला. नेटवर्कच होतं. मागच्या वेळी नेटवर्कच होतं.

“आता ते पाच शब्द सांगाल?”

“पूल,” बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, “चमचा.”

मग काही नाही.

ती मोजू लागली. दहा सेकंद. बाबा पडद्याकडे नाही, टेबलाकडे पाहत होते, जिथे सकाळी कापलेल्या तारांचे रंगीत तुकडे अजून पडलेले होते. वीस. डब्याचा दिवा जराही न लुकलुकता जळत होता. तीस. तिचा अंगठा प्लगच्या खिटीवर होता; केव्हा गेला ते तिला कळलं नव्हतं. लहानशी, पारदर्शक, वाकणारी खिटी. ती नुसती दाबली असती तर प्लग सुटून पडला असता, डॉक्टरबाईंचा चेहरा होता तिथे थिजला असता, आणि पुन्हा कागदावर लिहिलं गेलं असतं की चाचणी ग्राह्य धरता येत नाही. आणखी एक महिना. शनिवार निघून गेला असता.

“काका, माझा आवाज येतोय ना?” डॉक्टरबाईंनी विचारलं. मग तिच्याकडे पाहून, अगदी मऊ आवाजात, “तिकडे काही अडकतंय का? मागच्या वेळेसारखं? तसं असेल तर सांगा, आपण थांबू.”

तिने खिटीवर भार दिला. खिटी अर्धी वाकली. बोलायला तिने तोंड उघडलं.

बाबांनी उजवा हात उचलून तिला थांबवलं.

“लाइन साफ आहे, डॉक्टर,” ते म्हणाले. “मलाच आठवत नाहीये.”

तिने अंगठा काढला. खिटी आपसूक सरळ झाली.

पुढचं सगळं नीट ऐकू आलं. डॉक्टरबाई बराच वेळ बोलल्या, आणि चांगलं बोलल्या. औषध, झोप, ठरलेल्या वेळा, आणि दिवसभर एकट्याने राहणं यापुढे नको. त्या शेवटच्या वाक्यातला एकही शब्द तुटला नाही. कागद उद्या पाठवते म्हणाल्या आणि त्यांची चौकट बंद झाली. दादाची मोठी होऊन पडदाभर पसरली. तो गाडीच्या स्टिअरिंगवरचा धागा नखाने उकरत होता. इतक्या जवळून तिने त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्याच्या कानशिलापाशी पिकलं होतं.

“त्या खोलीत वायरीचा पॉइंट आहे का?” बाबांनी विचारलं. “की तिथेही सगळं हवेतूनच?”

“कुठल्या खोलीत, बाबा?”

“शनिवारपर्यंतच्या.”

दादाने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिने सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघराचं दार लोटलं तरी पुरतं लागत नाही, हे तिला आत्ता आठवलं.

“विचारून सांगतो,” दादा म्हणाला. त्याचा आवाज मात्र फाटला, आणि ते लाइनमुळे नव्हतं.

“विचार. बांधतानाच भिंतीतून टाकली असेल तर बरं. नंतर ओवायला त्रास होतो.”

पडदा बंद झाल्यावर ती जमिनीवर बसून उरलेली वायर गुंडाळू लागली, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, त्यांनी शिकवलं होतं तशी. बाबा टेबलाशी हत्यारं गोळा करत होते. पातं पुसलं. पक्कड आपल्या चामडी पिशवीतल्या खाचेत न पाहता सरकवली. रंगीत तुकडे तळहाताने कडेला लोटून दुसऱ्या तळहातावर घेतले. तिच्या खिशातले दोन प्लग बसताना मांडीला टोचत होते. पुढच्या खोलीतून रस्त्याचा आवाज येत होता.

“मेंढी,” बाबा म्हणाले.

ते तिच्याकडे वळले नव्हते. हातातले तुकडे ते एकेक करून डबीत टाकत होते.

तिने घड्याळ पाहिलं. ते पाच शब्द ऐकल्याला एकोणचाळीस मिनिटं झाली होती. फोन हाताशी होता, डॉक्टरबाईंचा नंबर सगळ्यात वर होता. तिने फोन पालथा केला. वायरीचा पुढचा वेढा कोपरावर घेतला, पण ओढला नाही, आणि उरलेल्या दोन शब्दांची वाट पाहत तशीच बसून राहिली.